गोड्या पाण्याचा महिना

शके १८०५, ज्येष्ठ वद्य ३

आज दिवसभरात मी मोठ्यानं किती वेळा बोलले ते मोजलं. तीनदा. एकदा मांजरीवर ओरडले, एकदा दूधवाल्याला पाणी किती घालतोस म्हणून विचारलं, आणि एकदा पाटावर बसताना "आई गं" म्हटलं, ते कुणालाच नाही. असंच चाललं तर एक दिवस बोलायचंच विसरेन. म्हणून ही वही. यांच्या कपाटात कोऱ्या वह्यांची चळत पडून आहे. लिहायला यांनीच शिकवलं, सासूबाई झोपल्यावर, दार लावून. तेव्हा वाटायचं, मला कुणाला पत्रं पाठवायची आहेत? पण शिकले.

हे माघात गेले. मूलबाळ नाही. मागे राहिले मी, कोपरीतलं हे घर आणि 'एकवीरा'.

एकवीरा म्हणजे आमचं गलबत. वर साग, तळाला ऐनाचं लाकूड. एकोणीस वर्षांमागे कल्याणला बांधलं, आणि पाण्यात लोटताना त्याची ओटी मी भरली. हे म्हणाले होते, "कमळे, लेक सासरी धाडतेस असं तोंड नको करू, ती दरसाल परत येणार आहे." आणि येते खरी. इथल्या मिठागरांचं मीठ भरून रत्नागिरीकडे जाते, येताना नारळ नि सुंभ आणते, पावसाच्या तोंडाशी खाडीत शिरते. परवाच आली, अजून माल उतरवतायत, घराकडे कुणी फिरकलं नाही. माडीच्या खिडकीतून डोलकाठी दिसते. सकाळी उठल्यावर आधी तिच्याकडे बघते, मग देवाकडे. देवी रागावली तरी चालेल, नाव तिचंच आहे.

ज्येष्ठ वद्य ९

एकवीरेचे तांडेल धाकू. शेजारच्या चेंदणीचे कोळी, साठीचे असतील. गलबत बांधलं त्या दिवसापासून सुकाणू त्यांच्याच हातात. एकवीरा आमचीही कुलस्वामिनी आणि त्यांचीही, त्यामुळे नाव ठेवताना वाद झाला नाही म्हणतात. यांचे भाऊ, आमचे भाऊजी, त्यांना अरे-तुरे करतात. मी नाही करत.

गलबत खाडीत असलं की तांडेल रोज दिवेलागणीला येतात. हे असताना यांच्याशी बोलत, आता माझ्याशी. ते ओटीच्या पायरीवर बसतात, मी माजघराच्या दाराआड. आज दोर किती बदलला, पाणी किती उपसलं, कुठली फळी वाजते. मला त्यातलं निम्मं कळत नाही. तरी मी विचारत राहते, "आणि मग?" म्हणजे आणखी थोडं बोलतात.

आज ते गेल्यावर मांजरीशी सुद्धा गोड बोलले.

आषाढ शुद्ध ६

आज तांडेलांशी वाद झाला. वाद कसला, मीच बोलले, ते ऐकून घेत होते.

आल्या आल्या म्हणाले, "बाय, पुनवेला भरती चांगली हाय. एकवीरेला कल्यानला न्यायची येळ झाली."

मी विचारलं, कल्याणला कशाला? हे मला यांनी कधी सांगितलंच नव्हतं. दरवर्षी पावसात महिनाभर डोलकाठी दिसायची नाही, मला वाटायचं दुरुस्तीला गेली असेल.

तांडेलांनी समजावलं. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो. बाहेरून मोहरीएवढं भोक, आणि आत सगळी फळी पोखरलेली. लहान होड्या पावसाळ्यात वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, त्यांचं भागतं. एकवीरा अवजड, कोपरीच्या चिखलातून वर येत नाही. पण पावसात कल्याणला नदीचं पाणी गोडं असतं. महिनाभर त्यात ठेवली की किडा मरतो. "वरसातून एक महिना तिला गोडं पानी पाजाया लागतं. मंग वरीसभर बघाया नको."

मी "न्या की" म्हणणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "मंग उद्या डोलकाठी उतरवतो." रेल्वेच्या पुलाखालून जायचं तर काठी काढून आडवी ठेवावी लागते म्हणे.

या माघात माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं. पाच बायका होत्या, एकीनंही माझ्याकडे बघितलं नाही. आणि आता खिडकीतून तिचीही काठी उतरताना बघू? मी म्हटलं, यंदा नको.

"बाय, किडा..."

"पाऊस काय खारा पडतो का, तांडेल? इथंही गोडंच पाणी पडतंय की वरून."

ते हसले. "पाऊस वरनं पडतो, बाय. किडा खालनं खातो."

तरी मी नाहीच म्हटलं. मालकीण कोण? तांडेल डोकं खाजवत गेले. उद्या येतील तेव्हा रागावलेले नसले म्हणजे झालं.

आषाढ शुद्ध ७

आले. रागावलेले नाहीत. मी उगीचच दुपारभर घाबरले. भाजणीचं थालीपीठ केलं होतं, ते दिलं.

श्रावण शुद्ध १५

आज नारळीपौर्णिमा. चेंदणीचे कोळी वाजतगाजत खाडीवर गेले. मी माडीवरून बघितलं. तांडेलांची बायको सगुणा नवं लुगडं नेसून पुढं होती. पूर्वी ती आठवड्यातून दोनदा मागच्या दारी यायची, बोंबील, कोलंबी घेऊन, आणि अर्धा तास गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. आता माझ्या घरी मासळी वर्ज्य, म्हणून तिचं येणं बंद. बोलायला यायला काय मासळीच लागते? पण तिला तरी कसं सांगायचं.

एकवीरेचा नारळ तांडेलांनी सोडला. संध्याकाळी प्रसाद आणून पायरीवर ठेवला.

श्रावण वद्य ८

तांडेलांना ताप. चार दिवस आले नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं पावसामुळे. दुसऱ्या दिवशी दोनदा ओटीवर जाऊन आले. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या हाती सुंठीचा काढा पाठवला आणि त्याला सांगितलं, भांडं परत आणताना काय म्हणाले ते शब्दान् शब्द सांग. तो मेला म्हणतो, "बरे हायेत." एवढंच! शब्दान् शब्द म्हणजे दोन शब्द.

काळजी गलबताची वाटते. तांडेलच आजारी तर त्याच्याकडे बघणार कोण?

श्रावण वद्य ११

आज आले. वाळलेत. मी इतकं बोलले की शेवटी तेच म्हणाले, "बाय, आता जातो, सगुना वाट बघत असंल."

कार्तिक शुद्ध ५

एकवीरा सकाळच्या ओहोटीला निघाली. मीठ भरून. गलबत खाडीच्या वळणाला लागलं, मग शीड उघडलं, मग दिसेना. घर एकदम मोठं वाटायला लागलं. दिवेलागणीला सवयीनं दारात जाऊन बसले. थोड्या वेळानं माझं मलाच हसू आलं, उठले.

पौष वद्य २

पहिली फेरी करून आली. तांडेलांनी नारळाचं अख्खं पोतं ओटीवर आणून टाकलं. एकटी बाई पोतंभर नारळ काय करणार? वाटून टाकले, तेवढीच चार घरं फिरले.

आठवड्यात पुन्हा जातील.

शके १८०६, वैशाख वद्य ७

भाऊजी आले. गोपीनाथ भाऊजी, यांचे धाकटे. राहतात कल्याणला, आगगाडीनं येतात, आणि बसायच्या आधी घड्याळ बघतात. गलबताच्या कागदावर आता त्यांचंही नाव आहे.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, मी घर बांधतोय. साग चांगला मिळत नाही हल्ली."

मी म्हटलं, "हो का."

"एकवीरेत उत्तम साग आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली बशी खाली ठेवावी लागली. गलबत फोडून त्याच्या तुळया करणार! म्हणे आगगाडी आली, आगबोटी आल्या, गलबताला आता कोण विचारतो. उगीच भावनेत अडकू नका. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या घराला साग मिळत नसेल तर बांबूचं बांधा." ते तोंड वाकडं करून गेले. पण गोष्ट डोक्यातून गेलेली नाही त्यांच्या. ते मी ओळखते.

ज्येष्ठ वद्य १२

एकवीरा आली. तांडेल म्हणतात, पूर्वी दिवसातून एकदा पाणी उपसायचो, आता तीनदा. वय झालं असेल. माझेही गुडघे हल्ली कुरकुरतात.

आषाढ शुद्ध ३

तांडेलांनी आज पायरीवर लाकडाचा एक तुकडा ठेवला, वीतभर. तळाच्या फळीतला, दुरुस्तीत कापून काढलेला. वरून छान गुळगुळीत, दोन-तीन बारीक भोकं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून वाकवला तर पापडासारखा मोडला. आत नुसत्या नळ्या.

"औंदा तरी नेऊ द्या, बाय. अजून येळ गेली नाय. दोन म्हैने गोड्या पान्यात ठेवीन, खराब फळ्या तिथंच बदलीन."

मी म्हटलं, कल्याणला भाऊजी बसलेत. डोलकाठी उतरलेलं गलबत त्यांच्या दारात नेऊन उभं करायचं? ते सुतार घेऊन तयारच असतील. हे खरंच आहे, यात माझं काय चुकलं?

तांडेलांनी मोडलेला तुकडा पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "मी सोता ऱ्हाईन तिथं. गलबतावरच झोपीन. माज्या जित्तेपनी कुनी हात लावनार नाय. दोन म्हैने हलनार नाय मी तिथनं."

मी लगेच 'नाही' म्हटलं. इतक्या लगेच, की त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं. का ते मलाही नीट सांगता येईना. म्हटलं, तुमची तब्येत बरी नसते, गेल्या श्रावणात केवढा ताप आला होता, गलबतावर ओल असते. ते म्हणाले, "बाय, मी जल्मभर वलीतच झोपलो." मी म्हटलं, "नको म्हणजे नको."

तुकडा पायरीवर तसाच ठेवून गेले. मी तो चुलीत घातला. भुर्रकन जळला.

आषाढ वद्य १०

रोज येतात. बोलतात मात्र कमी. आज "आणि मग?" म्हटलं तर म्हणाले, "मंग काय, पानी उपसलं."

भाद्रपद शुद्ध १२

माडीवरून बघितलं. तांडेल आणि त्यांचा मुलगा आनंदा ओहोटीला चिखलात उतरून एकवीरेच्या पोटावर बोटाच्या पेरांनी ठोकत होते. ठोकायचं, कान लावायचा, पुढं सरकायचं. आनंदा तिशीचा, बापासारखाच उंच, याच गलबतावर खलाशी आहे. पुढं तांडेल व्हायचा. संध्याकाळी मी विचारलं, काय ऐकू आलं? तांडेल म्हणाले, सांधीत कापूस आणि राळ भरतोय, होईल काहीतरी.

आश्विन शुद्ध ११

भाऊजी आले ते उभ्यानंच बोलले. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत एकवीरा मीठ भरून निघाली आणि माल नीट पोचवून आली, तर एक वर्ष आणखी ठेवू. नाही निघाली तर सुतार लावणार. कागद आणला होता. मी सही केली, काय करू? खलाशी नसतील, व्यापारी माल देणार नाही, असं त्यांना वाटतंय. बघाच म्हणावं.

आश्विन वद्य ४

मी आज दाराआडून बाहेर आले. ओटीवर, तांडेलांच्या समोर. यांच्या पश्चात पहिल्यांदा. म्हटलं, "तांडेल, एक फेरी करा. एवढी एकच. नाहीतर ते तिला फोडतील."

त्यांनी विचारलं, "आनखी येक म्हैना थांबायचं नाय? कल्यानला अजून वरच्या अंगाला पानी गोडं असंल."

"पंधरा दिवसांची मुदत आहे. माझी सही आहे."

तांडेलांनी एकदा खाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमी सांगता तर जातो."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना नीट बसा सुद्धा म्हटलं नाही.

कार्तिक शुद्ध ४

तयारी चालली आहे. तांडेलांचं काही काही कळत नाही मला. मीठ निम्मंच भरलं. व्यापारी कुरकुरला. बरोबरची लहान होडी सोडून चेंदणीतून कुणाची तरी मोठी होडी मागून घेतली, सात-आठ माणसं बसतील एवढी. गलबतावर माणसं पाच, होडी एवढी कशाला? विचारलं तर म्हणाले, "असू द्या."

आणि आनंदाला नेत नाहीत! म्हणे त्याची आई आजारी आहे. सगुणा तर काल बाजारातून टोपली घेऊन कोपरीच्या रस्त्यानं चालली होती, धडधाकट. म्हातारपणी माणसं लहरी होतात.

कार्तिक शुद्ध ६

तांडेल पहाटे निघाले. काल संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. यांच्याबद्दल बोलले, गलबत बांधताना यांनी पहिल्या खिळ्याला हळद लावली आणि हातोडी अंगठ्यावर मारून घेतली, ते सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. मी खूप हसले. उठताना म्हणाले, "बाय, सगुनाशी बोलत जा जरा. ती चांगली हाय."

मी म्हटलं, "आलात की सांगा तिला, ये म्हणावं."

कार्तिक वद्य ५

दौलत आला. एकवीरेवरचा खलाशी. एकटाच आला. मी त्याच्या मागे बघत राहिले.

श्रीवर्धनच्या पुढं, किनारा डोळ्यांना दिसत होता. वारा बेताचा, वादळ नाही, पाणी थाळीसारखं. सकाळी पाणी वाढायला लागलं. चौघं उपसत होते. मग तळाची एक फळी आत आली. दौलत म्हणाला, "तुटली नाय बाय, विरघळली." तांडेलांनी सगळ्यांना होडीत उतरवलं. ते सुकाणूपाशीच राहिले, गलबत उथळ पाण्यावर नेऊन बसवतो म्हणाले, म्हणजे निदान सांगाडा राहील, बायला बघायला. तसं त्यांच्या तोंडचं वाक्य आहे. दौलतनं तसंच्या तसं सांगितलं. मीच त्याला शब्दान् शब्द सांग म्हटलं होतं.

उथळ पाण्यापर्यंत पोचलं नाही. एकाएकी नाळ, गलबताचं पुढचं टोक, खाली गेली. तांडेलांचा पाय दोरात अडकला असावा. दुसऱ्या दिवशी तांडेल किनाऱ्याला लागले. तिथंच वाळूवर दहन केलं.

गलबताचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

कार्तिक वद्य ९

चार दिवस लिहिलं नाही. तो तुकडा मी चुलीत घातला होता.

मार्गशीर्ष शुद्ध २

आज ओटीवर बंदराकडचा कारकून आला, गलबत कसं बुडालं ते लिहून घ्यायला. भाऊजी कल्याणहून आले. आनंदा खाली अंगणात उभा. मी दाराआड.

भाऊजी घडाघडा बोलले. तांडेल म्हातारा झाला होता. पीत असे. डागडुजीकडे लक्ष नव्हतं. वादळ नसताना गलबत बुडतं ते कशानं? निष्काळजीपणानं. कारकून लिहीत होता. त्यानं आनंदाकडे बघून विचारलं, "तुझा बाप प्यायचा का रे?" आनंदा म्हणाला, "सनासुदीला. सगलेच पितात." तेही लिहिलं.

जाता जाता भाऊजी कारकुनाला म्हणाले, अशांच्या पोरांच्या हाती कुणी आता गलबत देईल का. आनंदानं ते ऐकलं. त्याच्या हाताच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या.

मी काही बोलले नाही. लिहून ठेवते, कारण उद्या मीच मला सांगेन की बोलायला वेळ मिळाला नाही. मिळाला होता. तासभर मिळाला होता. मी दाराच्या कडीला धरून उभी राहिले.

मार्गशीर्ष शुद्ध ३

झोप नाही. सकाळी अंघोळ करून निघाले. कुणाला सांगितलं नाही. बंदराची कचेरी कुठं ते दूधवाल्याला विचारलं, त्याचं तोंड उघडंच राहिलं. रस्त्यात दोन ओळखीच्या बायका भेटल्या, त्या भिंतीकडे वळल्या. वळू देत.

कारकून मला बघून उभाच राहिला. मी म्हटलं, "काल अर्धंच लिहून घेतलंत. गलबताची मालकीण मी. लिहा." आवाज माझा मलाच परका वाटला. सांगितलं सगळं. तांडेलांनी दोनदा विचारलं, दोन्ही वर्षी. किड्याबद्दल सांगितलं, पोखरलेलं लाकूड आणून दाखवलं. मी नाही म्हटलं. शेवटच्या फेरीला मी पाठवलं. त्यांनी मीठ कमी भरलं, मोठी होडी घेतली, स्वतःच्या मुलाला घरी ठेवलं. त्यांना ठाऊक होतं आणि माझ्या शब्दाखातर ते गेले. बुडालं ते माझ्यामुळे. "असंच लिहू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "असंच. आणि वाचून दाखवा." त्यानं वाचलं, मी सही केली. माझ्या सहीकडे तो बघत राहिला, बाई लिहिते म्हणून.

संध्याकाळी भाऊजी. अब्रू घालवलीत, दादाच्या नावाला काळिमा फासलात, यापुढं आमचा तुमचा संबंध नाही. ओरडू दिलं. चहा केला नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १२

कचेरीतून निकाल आला. तांडेलाची कसूर नाही. चेंदणीच्या एका मचव्यावर आनंदाला तांडेल म्हणून घेतलं, दौलतनं सांगितलं. बरं झालं.

मार्गशीर्ष वद्य १

सगुणा आली. पुढच्या दारानं. पांढऱ्या लुगड्यात. मी तिला आत बोलावलं, ती पायरीवरच बसली. तांडेल बसायचे तिथं. मी तिच्याजवळ खाली बसले.

कचेरीत सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. भाऊजींची भीती होती, ते खरं. डोलकाठी उतरलेली बघवली नसती, तेही खरं. पण ते दोन महिने मी जीव गेला तरी देणार नव्हते, कारण गलबत कल्याणला गेलं की तांडेल संध्याकाळी यायचे नाहीत. दिवसभरात एक माणूस माझ्याशी बोलायचं. तेवढं मला सोडवलं नाही. एवढंच होतं ते, सगुणा. एवढ्यासाठी.

बोलताना मी रडत होते. वाटलं होतं, ती माझ्या हातावर हात ठेवेल.

ती खाडीकडे बघत म्हणाली, "मला ठावं होतं. ते बी बोललेले, बायला येकटं वाटतं, जाऊन बसतो जरा. मी म्हनायची, जावा." मग म्हणाली, "आठ म्हैने दर्यावर. चार म्हैने घरी. त्या चार म्हैन्यांत दिवे लागताना मानूस तुमच्या पायरीवर. मी जेवन झाकून ठेवायची. येऊन गारच जेवायचे."

मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस."

"तुमी कधी इचारलात?"

उठताना तिनं पदर नीट केला. म्हणाली, "कचेरीत जाऊन सांगितलात ते चांगलं केलात. आनंदाला काम मिलालं. तुमच्यावर राग धरनार नाय मी. पन बाय, आता मी हितं येनार नाय."

दिवेलागण झाली होती. तिला अजून चेंदणीपर्यंत चालत जायचं होतं. मी तिला थांब म्हटलं नाही.